सातव्या खड्ड्यातली खसखस

पुष्कळ वर्षांपूर्वी एका नदीच्या काठी, गावापासून कोसभर दूर, पांढरीचे, म्हणजे मोडलेल्या वस्तीच्या मातीचे, एक जुने टेकाड होते, आणि त्या टेकाडाच्या पायथ्याशी एक वृद्ध बाई तीन वर्षे, दर उन्हाळ्यात चार महिने, माती धूत बसल्या होत्या. माणसे कपडे धुतात, भांडी धुतात, वेळ पडली तर एकमेकांची धुणीही धुतात. पण माती कुणी धुते का? गावातल्या लोकांना पहिले आठ दिवस या प्रकाराचे भारी हसू आले. मग हसून हसून ते दमले, आणि त्यांच्यातल्याच सहासात बायका रोजावर माती धुवायला येऊ लागल्या.

त्याचे असे होते. त्या टेकाडावर तीन हजार वर्षांपूर्वी एक वस्ती होती. माणसे गेली, घरे पडली, वर माती चढली. ती माणसे काय पेरत होती, रानातून काय वेचून आणत होती, त्यांच्या चुलीवर काय शिजत होते, हे आता सांगणार कोण? लिहून तर त्यांनी काहीच ठेवले नव्हते. जे धान्य खाल्ले ते पोटात गेले, जे सांडले ते मुंग्यांनी नेले, जे उरले ते कुजले. मागे राहिले फक्त चुकून जळलेले. चुलीतून निसटून राखेत पडलेला, जळून कोळसा झालेला दाणा किडा खात नाही आणि तो कुजतही नाही. तो मुकाट्याने पडून राहतो. चुलीजवळची माती पाण्याच्या टबात सोडून हलक्या हाताने ढवळली, की माती तळाशी बसते आणि जळका दाणा वर तरंगतो. मग तो मलमलीच्या फडक्यात गाळून घ्यायचा, सावलीत वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरून ओळखायचा. ज्या दाण्यापायी त्या घरातल्या सुनेने सासूची बोलणी खाल्ली असतील, तोच दाणा पाहून आमच्या या बाईंच्या डोळ्यांत पाणी यायचे. या शास्त्रात सगळे असे उलटेच आहे.

बाईंचे वय सत्तरीच्या घरात. नाव मोठे, पण ते कुणी घेत नसे; शहरातल्या संस्थेच्या प्रमुखापासून गावातल्या पोरांपर्यंत सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणत. चाळीस वर्षे त्यांनी जळक्या दाण्यांची संगत केली होती. संस्थेत त्यांची एक खोली होती. तिला बीजघर म्हणत. तिथे हजारो लहान काचनळ्यांतून निरनिराळ्या टेकाडांवरचे दाणे ठेवलेले होते. त्या बीजघराची जबाबदारी बाई येत्या दिवाळीत सोडणार होत्या आणि ती आपल्या शिष्याच्या हाती देणार होत्या.

शिष्याचे नाव विश्राम. तो पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा. लहानपणापासून धान्यात वाढलेला, त्यामुळे डोळे मिटून नुसत्या स्पर्शावरून गव्हाची जात सांगायचा. बुद्धी तल्लख, हात स्थिर, आणि मेहनतीला मागेपुढे पाहणे नाही. बाईंचा त्याच्यावर जीव होता आणि हे त्याला ठाऊक होते. हे ठाऊक असणे शिष्याला नेहमीच मानवते असे नाही, पण ते पुढे.

तीन वर्षे खपून विश्रामने आपला प्रबंध लिहीत आणला होता. सगळा प्रबंध टेकाडावर खणलेल्या सातव्या खड्ड्यावर उभा होता. या खड्ड्याला नंतरच्या काळात कुणाचा हात लागलेला नाही, तो जसाच्या तसा आहे, असे त्याने सिद्ध केले होते. त्यात सापडलेल्या सातू, मसूर, कुळीथ अशा दाण्यांवरून त्याने निष्कर्ष काढला होता, की ही माणसे आपल्या आपल्यात सुखी होती, बाहेरच्या जगाशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते. निष्कर्ष सुबक होता. आता फक्त खड्ड्याच्या अगदी तळाशी लागलेल्या चुलीची माती धुवायची राहिली होती. काळीभोर, तुपकट अशी ती माती सगळी मिळून एकच पोते भरली. ती धुवायला विश्रामने हौसाबाईंना बसवले, कारण धुणाऱ्या बायकांत त्यांच्याइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

मंगळवारी माती धुतली गेली. शुक्रवारी, जळका माल सावलीत खडखडीत वाळल्यावर, विश्राम पत्र्याच्या शेडमध्ये सूक्ष्मदर्शक लावून बसला. सकाळची प्रसन्न वेळ होती. तो गुणगुणत एकेक दाणा ओळखत होता आणि ओल्या कुंचल्याने उचलून बाजूला ठेवत होता. सातू आला, मसूर आला, बोराची बी आली. सगळे ओळखीचे पाहुणे. आणि मग भिंगाखाली असे काही आले, की त्याचे गुणगुणणे थांबले.

दाणा मोहरीहूनही लहान होता. आकार मूत्रपिंडासारखा, एका बाजूने किंचित आत दबलेला. अंगावर जाळी. विश्रामने भिंग पुसले. स्वतःचे डोळे पुसले. पुन्हा पाहिले. खसखस! त्याने ताट किंचित सरकवले, तर तिथे आणखी चार, पलीकडे आणखी दहा, कोपऱ्यात नुसता सडा. सगळे दाणे जळून काळे झालेले. त्याने कुंचला खाली ठेवला.

वाचकहो, चिमूटभर खसखस पाहून एवढा धसका घेण्यासारखे काय आहे, असे तुम्हाला वाटेल. पण त्या काळी या विषयाची सगळी पुस्तके एकमुखाने सांगत होती, की खसखस या भागात फार उशिरा आली. म्हणजे मग दोनच गोष्टी शक्य होत्या. एक, सातवा खड्डा नंतर कुणीतरी, उंदराने म्हणा नाहीतर माणसाने, उकरलेला आहे. तसे असेल तर त्यातला एकही दाणा भरवशाचा नाही. दोन, खड्डा खरोखर जसाच्या तसा आहे आणि त्या माणसांना खसखस कुठून तरी दूरवरून मिळत होती. तसे असेल तर ती माणसे बाहेरच्या जगापासून तुटलेली नव्हती. कोणतीही गोष्ट खरी धरली तरी विश्रामचा प्रबंध कोसळत होता. प्रबंध गेला की बीजघर गेले. तीन वर्षांचे रक्ताचे पाणी गेले. चिमूटभर काळ्या ठिपक्यांनी त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती.

हुशार माणसाची एक पंचाईत असते, त्याला स्वतःला पटवता येते. विश्रामने स्वतःला पटवले. तीन वर्षांत चाळीस पोती धुतली, त्यांत खसखशीचा एक दाणा नाही, आणि आज एका पोत्यात एवढे? हे पोतेच खराब असणार. कुणाच्या तरी शेगडीतली राख उडून आली असणार. खड्डा चांगलाच आहे, बिघडले आहेत ते हे एवढेच दाणे. मग बिघडलेले बाजूला काढणे यात अप्रामाणिकपणा कसला? उलट ही तर निवडटिपण झाली!

असे म्हणून त्याने कुंचल्याने तो काळा सडा सगळाच्या सगळा, न मोजता, एका काचनळीत भरला. नळीवर चिठ्ठी लावली नाही. ती फेकून द्यायलाही त्याचा हात होईना, म्हणून आपल्या तंबूत जाऊन त्याने ती दाढीच्या सामानाच्या डब्यात, ब्रशाखाली दडपली. मग परत येऊन त्याने चुलीतल्या दाण्यांची यादी सुवाच्य अक्षरात लिहून काढली. त्या दिवशी जेवताना त्याला भाकरीची चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बाई काठी टेकत शेडकडे आल्या. बाहेर हौसाबाई मलमलीची फडकी पिळून दोरीवर टाकत होत्या. बाईंनी विश्रामकडे हात पुढे केला. त्याने यादी दिली. बाईंनी ती उन्हाकडे धरून सावकाश वाचली.

"सातू, मसूर, कुळीथ, बोर," बाई म्हणाल्या. "एवढंच?"

"एवढंच, बाई."

"बारीकसारीक काही? गवताचं बी वगैरे?"

"गवताचं थोडं आहे. खाली लिहिलंय."

बाईंनी यादी खाली केली आणि त्याच्याकडे पाहिले. "विश्राम, चुलीच्या मातीत आणखी काहीच सापडलं नाही?"

"नाही, बाई," विश्राम म्हणाला. शब्द स्वच्छ आला.

बाई वळल्या, चार पावले चालून धुण्याच्या मोठ्या टबापाशी गेल्या, काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी रेटून तो भरलेला टब त्यांनी उलथा केला. धोधो पाणी वाहत गेले. सत्तर वर्षांच्या त्या काटकुळ्या बाईंत एवढे बळ आले कुठून, कळेना. हौसाबाईंच्या हातातले फडके गळून पडले. विश्राम तर दगडासारखा उभा राहिला.

"उद्यापासून माती धुणं बंद," बाई म्हणाल्या. "आजवर जे धुतलं ते सगळं रद्द. हौसाबाई, तुम्हीही आता येऊ नका आणि बाकीच्या बायकांनाही सांगा."

"आवो बाई, पर झालं काय?" हौसाबाईंच्या तोंडचे पाणी पळाले होते.

"सांगते," बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "मंगळवारी, तुम्ही यायच्या आधी, चुलीच्या मातीचं पोतं मी उघडलं होतं. त्यात मी माझ्या हातानं शंभर दाणे मिसळले. खसखशीचे. तव्यावर जाळून काळे केलेले, मोजून शंभर."

विश्रामची नजर तंबूकडे गेली.

ही रीत त्याला माहीत नव्हती असे नाही. धुणे नीट होते की नाही हे तपासायला मातीत मोजके जळके दाणे घालतात आणि परत किती हाती येतात ते पाहतात. शंभरातले ऐंशी-पंचाऐंशी आले तर धुणाऱ्याचा हात चांगला. पन्नास आले तर कुठेतरी गळती आहे. बाईही ही परीक्षा घेत, पण आजवर सांगून घेत, आणि तीही दुसऱ्या कुठल्यातरी बियांवर. या टेकाडावर तर एकदाही घेतली नव्हती.

"या वेळी मी सांगितलं नाही," बाई पुढे म्हणाल्या, "कारण दिवाळीनंतर तुला कुणी तपासणारं नसेल. तुझं तुलाच तपासावं लागेल. म्हटलं, एकदा बघावं. आणि पोतं सगळ्यांत महत्त्वाचं निवडलं, कारण हलक्या पोत्यावर हलकी परीक्षा होते. खसखस अशासाठी घेतली, की ती या काळात इथं असणं शक्यच नाही. म्हणजे खऱ्या दाण्यांशी तिचा घोळ होत नाही. मला वाटलं होतं, तू धावत येशील आणि म्हणशील, बाई, हा काय चमत्कार! मी हसेन, तुला खरं काय ते सांगेन, नव्वद दाणे आले तर तुझी पाठ थोपटेन. पण तुझ्या यादीत तर एकही नाही. शंभरातला एकसुद्धा नाही! म्हणजे धुण्यात सगळं वाहून जातंय. मग मागच्या चाळीस पोत्यांतून काय काय वाहून गेलं असेल?"

हे ऐकून हौसाबाई आधी पांढऱ्याफटक पडल्या आणि मग लालबुंद झाल्या. "बाई, तुमी थोर हाईत, पर ह्ये मी ऐकून घ्येनार न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्या हातांनी तीस वर्सं तांदूळ रोळल्यात, राळं रोळल्यात. खडा ऱ्हाईला न्हाई आन् दाना सुटला न्हाई. त्या दिशी तर फडक्याला बारीक काळं काळं लागलं व्हतं, ते बी मी नखानं खरडून ताटात घातलं. ह्या दादांनाच इचारा."

दादा, म्हणजे विश्राम, खाली मान घालून उभा होता.

त्या क्षणी गप्प बसणे किती सोपे होते! बाईंनी स्वतःच त्याची सुटका करून ठेवली होती. खसखस मुळात बाईंचीच. म्हणजे खड्डा शाबूत, आणि बाईंचा राग निवळला की प्रबंधही शाबूत. दोष धुणाऱ्या बाईच्या हाताला लागला होता, त्याच्या डोळ्याला नव्हे. चार चांगल्या बायका शिकवून तयार केल्या की काम पुन्हा सुरू. फक्त हौसाबाई उद्यापासून येणार नव्हत्या, आणि गावात सगळे म्हणणार होते, की हिच्या हलगर्जीपणाने बाईंचे काम बुडाले. विश्रामने त्यांच्या हातांकडे पाहिले. चार महिने पाण्यात राहून बोटांची कातडी सोलून निघाली होती. त्याला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

"हौसाबाईंचं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "दाणे आले होते, बाई. मी लपवले."

आता दगड होण्याची पाळी बाईंची होती. धुणे वाईट निघाले याचा त्यांना राग आला होता. पण हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. विश्राम तंबूकडे धावला, दाढीचा डबा उपडा केला आणि ती बिनचिठ्ठीची काचनळी आणून बाईंपुढे धरली. मग त्याने सगळे सांगितले. प्रबंधाची भीती सांगितली, स्वतःची समजूत कशी घातली ते सांगितले. हौसाबाई ऐकत होत्या आणि त्यांचे डोळे मोठे मोठे होत होते.

"दादा," एवढेच त्या म्हणाल्या, "तुमी तोंड उघडलं नसतं तर?"

विश्रामने नळी त्यांच्यापुढेही धरली.

बाई त्याला रागे भरल्या नाहीत. त्या नळीकडे बोट दाखवून कोरड्या आवाजात म्हणाल्या, "किती आहेत?"

"मोजले नाहीत."

"मग मोज."

तिघेही शेडमध्ये आले. विश्रामने पांढऱ्या कागदावर दाणे पसरले आणि भिंगाखाली कुंचल्याने दहादहाच्या राशी घालायला सुरुवात केली. आठ राशी झाल्या. नऊ झाल्या. हौसाबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांचे हात निर्दोष ठरले होते. दहावी रास पूर्ण झाली, म्हणजे शंभरच्या शंभर परत आले. असे कधी होत नाही, पाचदहा तरी जातातच, म्हणून बाई जराशा चकित होऊन पुढे वाकल्या. आणि विश्रामचा कुंचला थांबला.

"काय झालं?" बाईंनी विचारले.

"बाई, अजून आहेत."

अकरावी रास झाली. बारावी झाली. तेरावी झाली, आणि वर सात दाणे उरले. एकशे सदतीस. विश्रामने पुन्हा मोजले. एकशे सदतीस. मग बाईंनी त्याला उठवले, स्वतः भिंगाशी बसल्या आणि सगळे पहिल्यापासून मोजले. एकशे सदतीस. बाहेर दोरीवरच्या फडक्यांतून पाणी ठिबकत होते.

"तुमच्याकडून जास्त पडले असतील," विश्राम हळूच म्हणाला.

बाईंनी कमरेच्या पिशवीतून वही काढली. मंगळवारच्या तारखेखाली लिहिले होते: खसखस, शंभर दाणे, तीनदा मोजले. चाळीस वर्षांत बाईंची मोजणी चुकल्याचे कुणाला माहीत नव्हते, आणि चुकली तरी ती एकदोन दाण्यांची, सदतिसांची नव्हे. टब नवा होता. फडकी नवी होती. बाईंनी पुन्हा भिंगाला डोळा लावला, हा दाणा फुगलेला, तो चपटा, असे काही वेगळे दिसते का ते पाहू लागल्या. पण त्यांनी स्वतः जाळलेल्या दाण्यांतही काही फुगले होते, काही नव्हते. तीन हजार वर्षांपूर्वीचा कोळसा आणि गेल्या मंगळवारचा कोळसा डोळ्यांना सारखाच दिसतो. एकेका दाण्याचे वय काढावे, तर तेव्हाच्या यंत्रांना तो पुरत नसे. सगळे एकत्र करून काढावे, तर बाईंचे शंभर त्यात मिसळलेले. मातीही उरली नव्हती. चुलीची सगळी माती एकच पोते होती, ती धुवून झाली होती. सातवा खड्डा तळापर्यंत संपला होता, आणि संपलेला खड्डा पुन्हा खणता येत नाही.

बाई उठल्या, बाहेर आल्या आणि आपण उलथ्या केलेल्या टबावर मटकन बसल्या. विश्रामने त्यांना कधी असे पाहिले नव्हते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

त्याला गलबलून आले. तो त्यांच्या पायाशी बसला. "बाई," तो म्हणाला, "माझं जे व्हायचं ते होऊ द्या. पण तुमचं नाव यात यायला नको. शंभर घातले, शंभर आले, एवढंच लिहू. वरचे सदतीस कुणाला माहीत आहेत? आपण तिघंच तर आहोत."

बाईंनी मान वर केली. "परत?" त्या म्हणाल्या.

एवढ्या एका शब्दाने विश्राम भानावर आला. पहिल्या वेळी आपण भीतीपोटी लपवले होते. आता मायेपोटी लपवायला निघालो होतो. दाणे तेच होते आणि हातही तोच होता. त्याने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतले.

मग बाई बोलू लागल्या. आवाज शांत होता, पण त्यात रोजची धार नव्हती.

"विश्राम, तुझी चूक तू सांगितलीस. माझी मला आत्ता दिसली, ती ऐक. तू हे दाणे लपवलेस, कारण ते इथं असणं शक्य नाही अशी तुझी खात्री होती. मी नेमके हेच दाणे मिसळायला निवडले, कारण ते इथं असणं शक्य नाही अशी माझी खात्री होती. या तुझी आणि माझी अशा दोन खात्र्या नव्हेत, ती एकच. तुला ती माझ्याकडूनच मिळाली. आपण दोघं कशासाठी इथं आलो होतो? त्या माणसांचं त्यांच्या झाडापिकांशी काय नातं होतं ते त्यांनाच विचारायला. आणि आलो ते उत्तर खिशात घालून. कदाचित हे सदतीस दाणे उंदराच्या बिळातून खाली गेले असतील. कदाचित ते खरोखर त्या चुलीतले असतील. तुझं लपवणं वाईटच, पण तू नळी परत आणलीस, ते भरून आलं. माझं कसं भरून येणार? मी तर तुझी परीक्षा घ्यायला म्हणून मातीसारख्या साक्षीदाराच्या तोंडात माझेच शब्द घातले. आता तो काय बोलला आणि मी काय बोलले, हे कुणी वेगळं करू शकणार नाही."

इतका वेळ हौसाबाई शेडच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांना रागही आला होता आणि कीवही येत होती. पण त्यांच्या मनात एक तिसरीच गोष्ट घोळत होती. त्या म्हणाल्या, "बाई, मला एक सांगा. ही अनारशाला लावत्यात तीच खसखस न्हवं?"

"तीच."

"मंग त्या चुलीवरल्या बाईनं ती भाजली व्हती का न्हवती?"

चाळीस वर्षे बाईंना असे प्रश्न लोकांनी विचारले होते आणि चाळीस वर्षे त्यांनी उत्तरे दिली होती. आज त्यांनी हौसाबाईंचे सोललेले हात आपल्या हातांत घेतले.

"ते आता कधीच कळणार नाही, हौसाबाई," त्या म्हणाल्या. "भाजली असेल, तर तिचा निरोप तुमच्या हातांनी वर आणला होता. तो घ्यायला आम्ही तिथं नव्हतो."

हौसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. ज्या बाईला त्यांनी पाहिले नव्हते, जिचे नाव कुणाला माहीत नव्हते, तिच्यासाठी त्या रडत होत्या. आणि विश्रामला एकदम कळले, की तीन वर्षे तो सातू मोजत होता, मसूर मोजत होता, पण त्या चुलीपाशी कुणी बाई बसलेली होती हे त्याच्या मनात आजवर एकदाही आले नव्हते.

तो उठला. यादी पुढे ओढून त्याने खाली लिहिले: खसखस, एकशे सदतीस दाणे. आमचे फार तर शंभर. उरलेले निदान सदतीस कुणाचे, ते माहीत नाही. त्याखाली त्याने सही केली आणि लेखणी बाईंच्या हातात दिली. बाईंनीही सही केली. मग त्या हौसाबाईंना म्हणाल्या, "तुम्हीही करा. या कागदावर ज्याचं काम चोख झालं असं एकच माणूस आहे."

हौसाबाईंना सही येत नव्हती. त्यांनी अंगठा उमटवला.

विश्रामने प्रबंध मागे घेतला, बीजघराचे नाव काढले नाही आणि पुढच्या टेकाडावर पुन्हा पहिल्यापासून माती धुवायला सुरुवात केली. आपणही रोज कुणाला ना कुणाला काहीतरी विचारत असतो. विचारण्याआधी आपला खिसा एकदा चाचपून पाहावा.